दोन तास दहा मिनिटं

"लाइट जाते का, हे माणसाला विचारू नये. माणूस समोरच्याचं तोंड बघून उत्तर देतो. घड्याळाला विचारावं."

मिस्त्री हे एकदा ऑफिसच्या व्हरांड्यात बोलून गेला आणि ते वाक्य त्याला चिकटलं. ड्रायव्हर लोक त्याची नक्कल करायचे. कचेरीच्या प्रमुख मॅडमनी मात्र ते गंभीरपणे घेतलं. तिथून सगळं सुरू झालं.

मिस्त्री म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतला फ्रीज दुरुस्त करणारा माणूस. एकोणिसाव्या वर्षी बर्फाच्या कारखान्यात लागला. पुढे तो कारखाना बंद पडला आणि हा कचेरीत आला, तो तिथेच राहिला. वर्कशॉप म्हणजे मागच्या अंगणातली पत्र्याची खोली. तिच्यात तांब्याच्या नळ्या, जुने कॉम्प्रेसर आणि सगळ्यावर तेलकट धुळीचा एक थर. थंडीत काम करून करून त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. चहाचा कप गरम आहे की नाही हे त्याला ओठाला लावल्यावरच कळे. कान मात्र तीक्ष्ण. फ्रीजला कान लावून तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ह्याला अजून दोन वर्षं आहेत," किंवा "ह्याचं भरत आलं." बायको म्हणायची, "माझी कंबर चार महिने दुखतेय, तिला कधी कान लावला नाहीत. फ्रीज जरा कण्हला की निघाले."

त्या वर्षी वरून तीन नवे फ्रीज आले. डोंगराकडच्या पट्ट्यात लसीचं एकही केंद्र नव्हतं. आदल्या वर्षी तिथे गोवराने अकरा पोरं नेली होती. लस जिल्ह्याच्या गावी होती, पोरं डोंगरात होती आणि मध्ये पायी दिवसभराची वाट. तीन फ्रीज म्हणजे तीन केंद्रं. यादीत गावं नऊ होती.

मॅडमनी भिंतीवर नकाशा लावला, गावागावावर टाचण्या टोचल्या, कुठल्या गावाभोवती किती पोरं आहेत ते मांडलं, रस्ते पाहिले. सगळं जमलं, फक्त लाइटचं कोडं सुटेना. वीज कचेरीला पत्र लिहिलं तर उत्तर आलं, नऊही गावांना अखंड पुरवठा आहे. गावच्या पुढाऱ्यांना विचारलं तर ज्याला केंद्र हवं होतं त्याच्याकडे लाइट कधी जातच नव्हती. एका गावात तर मिस्त्री पाहणीला आला म्हणून भर दुपारी गावातले सगळे दिवे लावून ठेवले होते.

"काय हो पुढारी, दुपारी दिवे?" मिस्त्रीने विचारलं.

"आमच्याकडे नेहमीच असतात."

"मग बिल कोण भरतं?"

पुढारी हसले आणि त्यांनी चहा मागवला.

तेव्हा मिस्त्रीने घड्याळं काढली. बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून आणलेली विजेवर चालणारी नऊ भिंतघड्याळं त्याच्या वर्कशॉपमध्ये पडून होती. लाइट असली की चालायची, गेली की थांबायची, आली की जिथे थांबली तिथून पुन्हा चालू. युक्ती साधी होती. गावात ज्या खोलीत केंद्र होणार तिथे घड्याळ लावायचं, आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी मिळवायचं, दोऱ्याने बांधून लाखेचं सील ठोकायचं आणि निघून यायचं. सात दिवसांनी परत जाऊन बघायचं. घड्याळ जितकं मागे, तितका वेळ आठवड्यात लाइट नव्हती. विजेच्या चढउताराने दोन-चार मिनिटं इकडे तिकडे होत, ती सोडून द्यायची. ना कुणाला विचारणं, ना कुणाचा चहा पिणं.

मॅडमना हे फार आवडलं. "मिस्त्री, तुम्ही शाळा किती शिकलात?"

"सातवी. आठवीला मास्तरांनीच घरी पाठवलं."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "पुढे शिकला असतात तर तुम्हीही पत्रंच लिहीत बसला असतात."

नऊ आकडे वर्कशॉपच्या दारावर खडूने लिहिले गेले. सगळ्यात कमी आकडा खाणीच्या गावाचा निघाला: दोन तास दहा मिनिटं. पुढची दोन गावं तीन आणि चार तासांच्या आसपास. चौथं शाळेचं गाव, पाच तास दहा मिनिटं. मॅडमनी वरची तीन उचलली. शाळेचं गाव थोडक्यात राहिलं.

आता गोष्ट अशी, की खाणीच्या गावात मिस्त्रीची लेक दिलेली होती.

तो आकडा पाहिल्यावर मिस्त्रीला आनंद झाला आणि त्या आनंदाची भीतीही वाटली. त्याने सील पुन्हा पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पुन्हा पाहिलं, वजाबाकी तीनदा केली. आनंद झाला की माणूस हिशेब पुन्हा पुन्हा करतो, पण करतो तोच हिशेब. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, लेकीच्या गावी काट्याला तेल जास्त घातलंत वाटतं?" मिस्त्री व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घड्याळाला माझी लेक ठाऊक नाही." हे वाक्यही फिरलं. यादीवर सही झाली.

फ्रीज बसवायला तो खाणीच्या गावी गेला तेव्हा पहिल्या सुईला अजून दोन दिवस होते. दवाखान्याची खोली दगडी, दोन खिडक्यांची, एक टेबल, एक बाक. फ्रीज कोपऱ्यात बसवला, चालू केला, कान लावला. आवाज छान लागला, झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखा. तिथल्या सिस्टरने चहा आणला. चहा घेताना त्याचं लक्ष खिडकीत गेलं. तिथे मेणबत्त्यांची बुडखी ओळीने चिकटलेली होती. दहा-बारा तरी असतील.

"एवढ्या मेणबत्त्या कशाला हो सिस्टर?"

"खायला," सिस्टर म्हणाली. "अहो, कशाला म्हणजे? ह्या फ्रीजबरोबर वरून लाइटपण पाठवतात का?"

मिस्त्री हसला. "तुमच्याकडे लाइट जाते कुठे? आठवड्यात दोन तास."

"कोण म्हणालं?"

"घड्याळ."

सिस्टरने कप खाली ठेवला. "मग तुमच्या घड्याळाला डुलकी लागली होती. तुम्ही ते लावून गेलात ना, त्याच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी खाणीतल्या खडी फोडायच्या यंत्राने फ्यूज उडवला. ते अधूनमधून उडवतंच. दिवेलागणीला गेलेली लाइट उजाडल्यावर आली. वायरमन काही रात्रीचा खांबावर चढत नाही. त्याच रात्री नेमकी एक बाई अडलेली. चार मेणबत्त्या जाळल्या तेव्हा मोकळी झाली. थांबा, लिहून ठेवलंय."

तिने जन्माची वही उघडली. तारीख, मुलगी, वजन, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात: रात्रभर वीज नव्हती.

मिस्त्रीने ती तारीख वाचली. घड्याळ लावल्यापासून चौथा दिवस. तो उठला, "आलोच" म्हणून बाहेर गेला आणि दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी उभा राहिला. रात्रभर म्हणजे अकरा तास. अकरा तास गेलेल्या गावाचं घड्याळ दोन तासच मागे कसं? त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, किल्ली ओढली आणि काटे उलटे फिरवायला लागला. एक तास मागे. दोन तास मागे. तीन. बारा तास मागे नेल्यावर काटे जिथे होते तिथेच येऊन उभे राहिले. अजून दोन तास मागे नेले. आता ते घड्याळ चौदा तास मागे होतं, आणि पाहणाऱ्याला दोन तास मागे दिसत होतं.

तबकडीवर बाराच आकडे असतात. काट्याने एक अख्खा फेरा खाल्ला तरी तबकडीच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही.

आठवड्याला बारा तासांहून जास्त लाइट जाऊ शकते, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. तो इतकी वर्षं शहरात राहिला होता. रात्ररात्र अंधारात काढणारं गाव त्याने सगळ्यात चांगलं म्हणून निवडलं होतं. आणि मग उरलेले आठ आकडेही त्याच्यासमोर एकेक करून वळले. तीन म्हणजे तीन, की पंधरा? चार म्हणजे चार, की सोळा? प्रत्येक आकड्याच्या मागे त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा आकडा उभा होता.

हा लहान फ्रीज झाकण बंद ठेवलं तर आठ तास गारवा धरतो. तेही कंपनीच्या कागदावर. अकरा तास नाही. आणि लस दुधासारखी नाही, की नासली तर वास येईल. बाटलीवर रंग बदलणारी खूण त्या काळी नसायची. मेलेली लस आणि जिवंत लस, दोन्ही दिसायला सारखीच. सुई टोचली जाते, पोर रडतं, आई निर्धास्त होऊन घरी जाते. खरं काय ते गोवर आल्यावर कळतं.

"काय झालं हो?" सिस्टर दारात आली होती. "चेहरा उतरलाय."

"ऊन लागलं," मिस्त्री म्हणाला.

लेकीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. न जाता परतणं शोभलं नसतं. लेक दारातच होती, कडेवर नऊ महिन्यांचा बोळक्या. सगळ्या हिरड्या दाखवत तो आजोबांच्या खिशातल्या पेन्सिलीकडे झेपावला. विहीणबाईंनी खुर्ची पुढे केली, तीही पाठ असलेली. एरवी मिस्त्रीला स्टूल मिळायचं.

"या या, मिस्त्री. अहो, तुमच्यामुळे गावाचं भाग्य उजळलं. मॅडमची चिठ्ठी आलीय, पहिली सुई आपल्या बोळक्याला. वरच्या कचेरीतले मोठे साहेब बघायला येणारेत."

विहीणबाई चहाला आत गेल्या तशी लेक हळूच म्हणाली, "बाबा, काय सांगू. दोन वर्षं मी ह्या घरात कुणी नव्हते. आता सासूबाई पाहुण्यांना सांगतात, ही मिस्त्रींची मुलगी, हिच्या वडिलांनी केंद्र आणलं. काल म्हणाल्या, बस जरा, भांडी मी घासते. मला रडूच आलं."

"मी नाही आणलं," मिस्त्री म्हणाला. "घड्याळाने."

"तेच ते," लेक हसून म्हणाली.

बोळक्याने पेन्सील मिळवली होती आणि तो ती हिरड्यांनी चावत होता. मिस्त्रीने त्याच्या दंडावर बोट ठेवलं, जिथे सुई टोचायची तिथे. दंड गरम आहे की गार, बोटाला काही कळलं नाही.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं नाही. ताटातलं चिवडत बसला.

"लेकीकडे काही बिनसलं का?"

"नाही. खुर्ची दिली."

"मग तोंड का असं? खुर्ची टोचली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरळ मॅडमच्या खोलीत गेला. तोंडात वाक्य तयार होतं. वाटेत सायकलवर ते त्याने दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. मॅडम फोनवर होत्या. त्यांनी हाताने बसायची खूण केली आणि फोनमध्ये बोलत राहिल्या. "हो, घड्याळाची पद्धत... आमचे मिस्त्री... नाही सर, सातवी शिकलेत... हो, उद्या तुम्ही याल तेव्हा ते स्वतः समजावून सांगतील." फोन ठेवून त्या मिस्त्रीकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की मिस्त्रीच्या तोंडातलं वाक्य विरघळून गेलं. "ऐकलंत? सगळ्या जिल्ह्यांत तुमची पद्धत लावायची म्हणतायत. बोला, काय काम काढलंत?"

"बसू की नको, विचार करत होतो," मिस्त्री म्हणाला.

"बसलाच आहात की!"

"हो. ते... फ्रीजखाली लाकडी फळ्या हव्या होत्या. फरशी ओली असते."

"घ्या ना स्टोअरमधून. हे विचारायला आलात?"

बाहेर व्हरांड्याच्या बाकावर शाळेच्या गावचे मास्तर बसले होते, मांडीवर अर्ज. यादी लागल्यापासून त्यांची ही चौथी फेरी. सुकलेला, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला माणूस. त्यांच्या गावाभोवती पोरं जास्त होती, रस्ताही बरा होता, फक्त घड्याळ तीन तास जास्त मागे पडलं होतं.

"नमस्कार मिस्त्री. आमच्याकडे रोज पाऊण तास लाइट जाते. ठरलेल्या वेळी, शाळा सुटताना. त्याला कुणाचा इलाज नाही. पण एक विचारू? रागावू नका. दोन तासांचं गाव बरोबर तुमच्या लेकीचंच कसं हो निघालं?"

रोज पाऊण तास. सात दिवसांचे सव्वापाच. आकडा खरा होता. नऊमधला हा एक आकडा तरी आता पुरावा घेऊन समोर बसला होता. मिस्त्रीला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मास्तर, तुम्ही बरोबर आहात, चला आत. दोन वाक्यं. पण मास्तरांच्या मागे ड्रायव्हर उभा होता, कारकून दारात आला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. आता चूक झाली म्हटलं की तिचं नाव चूक राहणार नव्हतं. काट्याला तेल, लेकीचं गाव, सापडला बरा, हेच होणार होतं. आणि ते संध्याकाळच्या आत खाणीच्या गावी पोचणार होतं, त्या पाठ असलेल्या खुर्चीपर्यंत.

"घड्याळाला माझी लेक ठाऊक नाही, मास्तर," तो म्हणाला. वाक्य जुनंच होतं, ते आपोआप आलं.

"घड्याळाला नसेल," मास्तर म्हणाले. "घड्याळ लावणाऱ्याला असते."

दुपारी लसीच्या पेट्या भरायच्या होत्या. ते काम मिस्त्री दुसऱ्या कुणाला करू देत नसे. बर्फाच्या पिशव्या चारी बाजूंनी लावायच्या, मध्ये बाटल्या, बाटल्यांना बर्फ टेकू द्यायचा नाही. बाटल्या चिमुकल्या, करंगळीच्या पेराएवढ्या. खाणीच्या गावची पेटी भरताना त्याने त्या मोजल्या, झाकण लावलं, पट्टा आवळला, पुन्हा उघडलं, पुन्हा मोजल्या. अजून वेळ होता. पेटी बाजूला ठेवून मॅडमकडे गेलो तरी अजून वेळ आहे. कदाचित यंत्र आज फ्यूज उडवणार नाही. अधूनमधून उडवतं, असं सिस्टर म्हणाली होती. अधूनमधून म्हणजे काही रोज नव्हे. एक रात्र तर काढायची आहे. एक रात्र निभावली की सुया टोचल्या जातील, पाहुणे जातील, मग सावकाश मॅडमना एकटं गाठून सांगू. माणूस स्वतःलाच भाव करून दाखवतो आणि स्वतःच सौदा पटवतो. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मिस्त्रीने पेटी उचलून गाडीत ठेवली. गाडी गेली. संध्याकाळी, आता पेटी खाणीच्या गावी पोचून बाटल्या फ्रीजमध्ये गेल्या असतील, हे त्याने घड्याळ न बघता जाणलं.

त्या रात्री त्याच्या घरची लाइट एकदाही गेली नाही. त्यामुळे त्याला धीर आला, आणि धीर आल्याची लाजही वाटली.

सकाळी जीपमध्ये पुढे मॅडम आणि मोठे साहेब, मागे साहेबांच्या हाताखालचे छोटे साहेब आणि मिस्त्री. मोठे साहेब मागे वळून वळून विचारत होते. सील कसं करता? कुणी काटा फिरवला तर? मिस्त्री उत्तरं देत होता, तुटक. मॅडम म्हणाल्या, "त्यांना असं चारचौघांत बोलायची सवय नाही, सर. गावात पोचलो की बोलतील."

दवाखान्यापुढे बायका भिंतीच्या सावलीत ओळीने बसलेल्या. साठ तरी असतील, प्रत्येकीच्या मांडीवर पोर. काही जणी दोन दोन तास चालून आल्या होत्या. पहिल्या जागेवर लेक, पोराला नवं झबलं. शेजारी विहीणबाई, ताठ बसलेल्या. लेकीने मिस्त्रीकडे बघून भुवया उडवल्या, लहानपणी बक्षीस घेताना उडवायची तशा.

मिस्त्री आत गेला तो थेट कोपऱ्यात. फ्रीज चालू होता. त्याने कान लावला. आवाज झोपलेल्या मुलासारखा नव्हता. धापा टाकत होता, जोरात, लांब चढ चढून आलेल्या माणसासारखा.

"लाइट गेली होती?" त्याने सिस्टरला विचारलं, हळू.

"गेली होती. तेच, दिवेलागणीला. सकाळी उजाडताना आली. पण काही काळजी नको, नऊ वाजता फ्रीजमधल्या थर्मामीटरचा काटा बघितला मी. आठ. दोन ते आठ डिग्री चालतं ना? लिहिलंय." ती निश्चिंत होती. तिला जे शिकवलं ते तिने केलं होतं.

आठ. नियमात बसत होतं. कुणीही वही उघडून बघितलं असतं तर बरोबर होतं. पण उजाडल्यापासून तीन तास यंत्र जिवाच्या आकांताने चालून काटा आठवर आला होता. मग उजाडताना तो कुठे होता? बारावर? सोळावर? हे विचारणारा त्या खोलीत एकच माणूस होता. तो गप्प राहिला तर प्रश्नच नव्हता.

मोठे साहेब भिंतीपाशी उभे होते. तिथे घड्याळ लावलेल्या खिळ्याची खूण होती. "तर ह्या खिळ्यावर होतं ते घड्याळ?" ते म्हणाले. "किती मागे पडलं होतं म्हणालात?"

मॅडमनी मिस्त्रीला हाताने पुढे केलं. "सांगा, मिस्त्री."

दारातून ओळ दिसत होती. बोळक्या आईच्या खांद्यावरून आत बघत होता.

"चौदा तास दहा मिनिटं," मिस्त्री म्हणाला.

"दोन," मॅडम हसून म्हणाल्या. "दोन तास दहा."

"दिसले दोन. होते चौदा." आणि एकदा तोंड फुटल्यावर त्याने सगळं सांगितलं, काट्याचा फेरा, जन्माची वही, अकरा तास, कालची रात्र, धापा टाकणारा फ्रीज.  

छोटे साहेब म्हणाले, "म्हणजे बाकीची दोन केंद्रंही..."

"तपासावी लागतील. शाळेचं गाव सोडून सगळी."

मॅडमनी सिस्टरची वही घेतली, आठचा आकडा बघितला, फ्रीजवर हात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "हा फेरा तुमच्या लक्षात कधी आला?"

"परवा."

"परवा." त्यांनी वही मिटली. "काल पेट्या तुम्हीच भरल्यात."

"हो."

मोठे साहेब खाकरले. "मॅडम, काटा आठवर आहे. कागदोपत्री लस चांगली आहे. बायका इतक्या लांबून आल्यात. नवा साठा कधी?"

"सहा आठवड्यांनी," मॅडम म्हणाल्या. "आला तर." त्या साहेबांकडे बघत नव्हत्या. "मिस्त्री, तुम्ही सांगा. टोचायची की टाकायची?"

लेक उठून दाराशी आली होती. "बाबा, सिस्टर म्हणाल्या आठ चालतं. चालतं ना?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती विचारत होती, वडिलांना विचारतात तसं. "पलीकडच्या वाडीत परवा एकाला ताप आलाय. अंगावर पुरळ आहे म्हणतात."

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं, मग पोराकडे. "टाका," तो म्हणाला. "त्यात आता काही नाही. पाणी टोचाल."

सिस्टर फ्रीज उघडून बाटल्या ट्रेमध्ये काढायला लागली. काचेवर काच लागून बारीक आवाज येत होता. बाहेर बातमी ओळीच्या टोकापर्यंत पोचली. कुणीतरी मोठ्याने विचारलं, "म्हणजे आज नाही? मग बोलावलं कशाला?" एक म्हातारी म्हणाली, "चला गं, उन्हाच्या आत घर गाठू." पोरं उचलली जाऊ लागली. विहीणबाई लेकीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी बोळक्याला तिच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं.  लेकीचे हात रिकामे लोंबत राहिले.

"एक विचारते," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "काल सकाळी तुम्ही माझ्या समोर बसला होतात. तेव्हा सांगितलं असतंत तर ह्या बाटल्या माझ्या स्टोअरमध्ये असत्या. आज शाळेच्या गावी टोचल्या गेल्या असत्या. का नाही बोललात?"

सगळे थांबले. साहेब, सिस्टर हातात ट्रे घेऊन, दारातल्या विहीणबाई. लेकही थांबली होती, आणि तिला उत्तर खरंच हवं होतं. उत्तर त्याच्याकडे होतं. एका वाक्याचं होतं, त्या पाठ असलेल्या खुर्चीचं. पण ते उच्चारलं असतं तर ते मॅडमपर्यंत पोचायच्या आधी दारात उभ्या असलेल्या मुलीच्या माथ्यावर पडलं असतं आणि जन्मभर तिथेच राहिलं असतं.

मिस्त्रीने टेबलावरची टोपी घेतली. लेक बाजूला सरली तेवढ्या फटीतून तो बाहेर पडला. उठलेल्या, अर्ध्या उठलेल्या बायकांच्या मधून, कुणाच्या पिशवीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत तो चालत गेला.